बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी

बेळगाव-निपाणी परिसरातील उसाचा गळीत हंगाम आटोपला की साखर कारखान्यांचे भोंगे काही महिने शांत होतात. परंतु कारखान्यातील काम थांबत नाही. याच काळात बाष्पकांची तपासणी होते, मळीच्या टाक्या रिकाम्या करून धुतल्या जातात, सांडपाण्याच्या कुंडांतील गाळ उपसला जातो. नेमक्या याच दिवसांत शिवारातही पावसाळ्यापूर्वी विहिरींचा गाळ काढणे, खाली बसविलेला पंप वर घेणे, गोबर गॅसच्या संयंत्राची दुरुस्ती करणे, अशी कामे निघतात. गावोगावी शौचालयांच्या टाक्या उपसून घेण्याची लगबगही असते. ही सर्व कामे वरकरणी भिन्न आहेत आणि ती करणारी माणसेही वेगवेगळी. तथापि एक गोष्ट त्यांत समान आहे. माणसाला एका अरुंद तोंडातून अशा जागेत उतरावे लागते, की जेथे हवा खेळत नाही.

अशा जागेला औद्योगिक सुरक्षेच्या परिभाषेत ‘बंदिस्त जागा’ म्हणतात. ती छप्पर घातलेलीच असली पाहिजे असे नाही. वर मोकळे आभाळ दिसत असलेली विहीरही बंदिस्त जागा असू शकते, आणि पुष्कळदा आभाळ दिसते म्हणूनच माणूस फसतो.

नेवाशाची घटना

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात वाकडी या गावी ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी घडलेली घटना या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. वापरात नसलेल्या एका जुन्या विहिरीत शेणाची स्लरी साठविलेली होती. तीत एक मांजर पडले. ते काढण्यासाठी एक जण उतरला व परत आला नाही. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा, याप्रमाणे एकूण सहा जण एकामागून एक खाली गेले. त्यांपैकी पाच जण दगावले. सहावा वाचला, कारण उतरण्यापूर्वी त्याने कमरेला दोर बांधून घेतला होता व वरच्या लोकांनी त्याला त्या दोराने ओढून घेतले.

त्यापूर्वी ११ मे २०२३ रोजी परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात शौचालयाच्या टाकीची सफाई करताना पाच मजूर मृत्यू पावले. मराठवाड्यातील टाकी काय किंवा नगर जिल्ह्यातील विहीर काय, घटनेचा क्रम जवळजवळ तोच. लंडनमध्ये ‘पोस्टमन्स पार्क’ नावाच्या एका लहानशा उद्यानात, दुसऱ्याचा जीव वाचविताना प्राण गमावलेल्या सामान्य माणसांचे स्मारक आहे. तेथील एका फरशीवर ईस्ट हॅम येथील सांडपाणी उपसा केंद्रातील चार जणांची नावे आहेत. १ जुलै १८९५ रोजी एका सहकाऱ्याला वाचविण्यासाठी ते चौघे गेले आणि गेलेले सर्व जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने जानेवारी १९८६ मध्ये काढलेल्या इशाऱ्यात स्पष्ट नमूद केले होते, की बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक हे वाचवायला गेलेले असतात.

म्हणजे ज्याच्या हातून काम होत होते त्याच्यापेक्षा जे त्याच्या मदतीला धावले तेच अधिक संख्येने मेले. या प्रकारच्या अपघाताचे हे वैशिष्ट्य ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्यावरील कोणताही उपाय पुरा पडत नाही.

माणूस एकाएकी का कोसळतो

आपण जी हवा घेतो तीत सुमारे २०.९ टक्के प्राणवायू असतो. हे प्रमाण १९.५ टक्क्यांखाली गेले की ती हवा कामास अयोग्य मानतात. १६ टक्क्यांच्या सुमारास विचारशक्ती मंदावते, हातापायांचा ताळमेळ सुटू लागतो. १० टक्क्यांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो आणि ६ टक्क्यांखाली काही मिनिटांतच प्राण जातात.

येथे एक शंका नेहमी घेतली जाते. पट्टीचा पोहणारा विहिरीच्या तळाशी बुडी मारून मिनिटभर राहू शकतो, मग विषारी हवेत मिनिटभर का टिकू नये? याचे उत्तर असे, की बुडी मारणारा श्वास रोखून धरतो. त्याच्या फुप्फुसात भरून घेतलेला प्राणवायू शरीराला पुरत राहतो. प्राणवायू नसलेल्या हवेत माणूस श्वास घेत राहतो, आणि प्रत्येक श्वासागणिक शरीरात असलेला प्राणवायूच धुऊन बाहेर निघतो. अशा हवेचे दोन-चार श्वासही शुद्ध हरपण्यास पुरेसे ठरतात. गुदमरल्याची जाणीव, ओरडण्याची संधी, शिडीकडे वळण्याइतका अवधी, यांपैकी काहीही बहुधा मिळत नाही. वरून पाहणाऱ्याला वाटते, की पाय घसरला असावा किंवा चक्कर आली असावी. या गैरसमजापोटी दुसरा उतरतो.

दम धरून झटकन खाली जावे व माणूस घेऊन वर यावे, हा विचारही फसवा आहे. बेशुद्ध माणसाला उचलण्याचा जोर लावला की दम सुटतोच, आणि सुटलेल्या दमामागून येणारा श्वास त्याच हवेचा असतो. नाकातोंडाला ओला रुमाल बांधल्याने वायू अडत नाही. धुळीसाठी वापरावयाची मुखपट्टी तर येथे सर्वथा निरुपयोगी होय. वायू गाळणारे डबीचे मुखवटेही प्राणवायू निर्माण करू शकत नाहीत. जेथे तोच नाही तेथे त्यांचा उपयोग शून्य.

खेड्यांतून काही विहिरींबद्दल ‘ती बळी घेते’ असा समज आढळतो. वर्षानुवर्षे एखाद्या विहिरीत उतरलेली माणसे मेली, की असा समज रूढ होणे स्वाभाविक आहे. कर्बद्विप्राणिल वायू हवेच्या दीडपट जड असतो. सडणारा पालापाचोळा, गाळ किंवा भोवतालच्या भूस्तरांतून तो खोल विहिरीत उतरून तळाशी पाण्यासारखा साचतो. वारा विहिरीच्या काठावरून जातो, पण तळापर्यंत पोहोचत नाही. त्या विहिरीचा स्वभाव बदललेला नसतो, म्हणून दरवेळी तेच घडते.

पेवकऱ्यांचा कंदील

या भागातील जुन्या लोकांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे मात्र नाही. कृष्णा व वारणा यांच्या संगमावरील हरिपूर हे सांगलीजवळचे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. वीस ते तीस फूट खोल, आत ऐसपैस व तोंडाशी अरुंद असे हे जमिनीतील कोठार. चिकोडी, रायबाग भागातली हळदही सांगलीच्या बाजारात जाते, त्यामुळे पेव ही वस्तू सीमाभागातील शेतकऱ्याला नवी नाही. धान्यासाठीही अशी पेवे सर्रास होती. उत्तर कर्नाटकात कानडीत त्यांना ‘हगेवु’ म्हणतात. (‘पेव फुटणे’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार या भरलेल्या कोठारावरूनच आला.) २००५ च्या महापुरात हरिपूरची अनेक पेवे निकामी झाली.

पेवाचे तोंड मातीने लिंपून बंद केले की आतील हळद व सूक्ष्म जीव मिळून प्राणवायू संपवितात आणि त्या जागी कर्बद्विप्राणिल साचतो. कीड गुदमरून मरते, म्हणूनच पेवातील हळद टिकते. जी हवा किडीला मारते तीच माणसालाही मारील, हे पेवकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने कळलेले होते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नसे. तोंड काही तास उघडे ठेवावयाचे, नंतर पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडावयाचा, तो विझला तर आणखी थांबावयाचे, आणि तो तेवत राहिला तरच माणसाने खाली जावयाचे, अशी ही रीत. ज्योत विझते ती प्राणवायू साधारण १६ ते १७ टक्क्यांवर आला असता. माणूस त्याहून थोड्या कमी प्रमाणातही काही काळ तग धरतो. म्हणजे कंदील माणसाच्या आधी मरतो. उपकरणे नव्हती त्या काळात ही कसोटी चांगलीच शास्त्रशुद्ध होती असे म्हणावे लागेल. काही गावांत विहिरीतील हवा हलविण्यासाठी झाडाच्या फांद्यांचा भारा दोराने वर-खाली करीत, त्यामागील विचारही योग्यच होता.

परंतु पेवासाठी योग्य असलेली कसोटी शेणाच्या विहिरीसाठी प्राणघातक ठरते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. गोबर गॅसमध्ये मिथेन हा ज्वालाग्राही वायू असतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असताना ज्योतीचा स्पर्श झाला तर स्फोट होतो. गोबर गॅसचे संयंत्र, शौचालयाची टाकी, गटाराचे भुयार, मळीची किंवा मद्यार्काची टाकी, रंग व थिनर यांचा वास असलेली टाकी, यांत कंदील, काडी किंवा मेणबत्ती सोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय.

दुसरी उणीव अशी, की कंदील विषाची वार्ता देत नाही. मैला, शेण व कारखान्याचे सांडपाणी कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्यासारखी घाण येते आणि वास आला की सावध होऊ, असे लोक समजतात. वस्तुतः हवेच्या दशलक्ष भागांत हा वायू १०० भागांच्या सुमारास पोहोचला की नाकाची वास घेण्याची शक्तीच नष्ट होते. वास ‘गेला’ असे वाटते, तेव्हा तो वाढलेला असतो. ५०० ते ७०० भागांत माणूस कोसळतो, १००० भागांत जवळजवळ तत्क्षणी. या सर्व काळात कंदील मात्र व्यवस्थित जळत राहील, कारण प्राणवायू पुरेसा आहे. विहिरीत उतरविलेल्या डिझेल इंजिनाच्या धुरातील कर्बएकप्राणिल वायूचेही तसेच. त्याला तर वासही नाही.

या वायूचा आणखी एक गुण फार घातक आहे. तो गाळात व पाण्यात विरघळून दडून राहतो आणि गाळ ढवळला की एकदम बाहेर पडतो. सकाळी टाकीचे झाकण उघडले, वायुमापकाने हवा तपासली, सर्व ठीक आढळले. मग कामगार आत उतरला आणि त्याने फावडे मारले. त्या फावड्याबरोबर आतली हवा बदलते. म्हणून तपासणी एकदा करून भागत नाही. ती वर, मध्ये व तळाशी अशा तिन्ही ठिकाणी केली पाहिजे आणि काम चालू असेपर्यंत करीत राहिली पाहिजे.

परिसरातील जागा

बेळगाव जिल्ह्यात कर्नाटकातील सर्वाधिक साखर कारखाने आहेत. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातही त्यांची रांग आहे. मळीची टाकी रिकामी केली तरी तळाशी व भिंतींना चिकटलेली मळी आंबत राहते व कर्बद्विप्राणिल निर्माण करते. आसवनीच्या किण्वन टाक्यांत तर त्याची निर्मिती हाच प्रक्रियेचा भाग आहे. बेळगावच्या उद्यमबाग व मच्छे भागांतील लोखंडी कामाच्या कारखान्यांत धोका निराळ्या स्वरूपात येतो. बराच काळ बंद राहिलेली कोरडी लोखंडी टाकीही सुरक्षित नसते, कारण गंज चढताना लोखंड आतील प्राणवायू शोषून घेते. अशा टाकीत जोडकाम करताना वापरलेला आर्गॉन तळाशी साचतो. ‘हवा ताजी करण्यासाठी’ ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडण्याचा मोह काही ठिकाणी होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण वाढीव प्राणवायूत एका ठिणगीने अंगावरचे कपडे पेट घेतात. हवा ताजी करावयाची ती पंख्याने, आणि तीही नळ थेट तळापर्यंत नेऊन.

तंबाखूच्या वखारींचा उल्लेख निपाणीच्या संदर्भात अप्रस्तुत होणार नाही. साठविलेल्या तंबाखूला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी देण्याची पद्धत तंबाखू व्यवसायात आहे. तिच्यापासून निघणारा फॉस्फीन अत्यंत विषारी असून, धुरी दिलेली वखार पुरेशी उघडी ठेवून हवा तपासल्याखेरीज आत जाऊ नये.

कायद्याची चौकट

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ ने या विषयाची रीत घालून दिली आणि १९८७ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक केली. तीनुसार घातक वायूचा संभव असलेल्या टाकीत, खड्ड्यात, नळात वा धुराड्यात, पुरेशा आकाराचे मनुष्यद्वार किंवा बाहेर पडण्याचा अन्य परिणामकारक मार्ग असल्याखेरीज, कोणासही उतरविता येत नाही. वायू काढून टाकण्याचे सर्व व्यवहार्य उपाय आधी योजले पाहिजेत. त्यानंतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन दिलेले लेखी प्रमाणपत्र असावे. किंवा उतरणाऱ्याने योग्य श्वसनयंत्र व पट्टा धारण केलेला असावा आणि पट्ट्याला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे. आत नेण्याचा विजेचा दिवा २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा नसावा, हे कलम ३६-अ मध्ये होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. ‘आधी वायू काढा, मग तपासा, मग लेखी परवानगी द्या आणि दोर बाहेरच्याच्या हाती ठेवा’ हा क्रम मात्र आजही कोणत्याही चांगल्या कारखान्याच्या कार्यपद्धतीचा पाया आहे.

गटारे व शौचालयांच्या टाक्यांच्या बाबतीत २०१३ चा, हाताने मैला उचलण्याच्या कामास प्रतिबंध करणारा अधिनियम लागू होतो. संरक्षक साधने व विहित दक्षता यांवाचून माणसाला टाकीत उतरविण्यास त्याच्या कलम ७ ने मनाई केली असून, पहिल्याच अपराधाला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा निर्बंध नगरपालिकेवर व ठेकेदारावर आहे, तसाच तो आपल्या घरची टाकी मजुराकडून उपसून घेणाऱ्या गृहस्थावरही आहे. पुष्कळांना याची कल्पना नसते. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृतांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता; २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम तीस लाख झाली. टाकी उपसण्यासाठी शोषण यंत्राची गाडी बोलाविली, की माणसाला उतरविण्याचा प्रश्न बहुतेक वेळा उद्‌भवतच नाही.

तोंडाशी उभा असलेला माणूस

शेतातील विहिरीला आणि घरच्या टाकीला निरीक्षक भेट देत नाही. तेथे सुरक्षा अवलंबून असते ती तोंडाशी उभ्या असलेल्या माणसावर. त्याचे काम एकच: आतल्या माणसाकडे पाहत राहणे. त्याला विडी-तंबाखूसाठी हलता येत नाही, दुसरे काम सांगता येत नाही, आणि आतला माणूस कोसळला तरी खाली उतरता येत नाही. ही शेवटची अट पाळणे फार कठीण आहे. खाली पडलेला बहुधा भाऊ असतो, मुलगा असतो किंवा रोजचा सोबती असतो. त्या क्षणी कोणी उपदेश करून माणूस थांबत नाही. तो थांबतो तो हातात दुसरे काही करण्यासारखे असेल तरच. म्हणून दोर आधीच बांधलेला हवा. दोर हातात असला तर तो ओढतो, नसला तर उडी मारतो.

नुसता कमरेचा दोर नसण्यापेक्षा बरा, हे वाकडीला दिसले. तथापि बेशुद्ध माणूस कमरेत दुमडला जातो व अरुंद तोंडात अडकतो. खांद्यांवरून व मांड्यांखालून जाणारा संपूर्ण अंगाचा पट्टा असेल, तर तो उभ्याने सरळ वर येतो. शिवाय साठ-सत्तर किलोचे निश्चेष्ट ओझे एकट्याने हाताने वर ओढता येत नाही. तोंडावर तिपाई व तीवर कप्पी किंवा रहाट बसविलेला असावा. मोटेच्या विहिरीवर चाक असे, ते पाहिलेल्या शेतकऱ्याला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही.

सीमाभागात आणखी एका गोष्टीची भर घालावी लागेल. येथील कारखान्यांत व ठेक्यांवर एकाच पाळीत मराठी, कानडी व हिंदी बोलणारे कामगार असतात. उतरणारा एका भाषेचा व तोंडाशी उभा असलेला दुसऱ्या भाषेचा, असे सहज घडते. टाकीत आवाज घुमतो, श्वसनयंत्र लावलेल्याचे बोलणे तर उमगतच नाही. यासाठी दोराच्या खुणा ठरवून घ्याव्यात: किती हिसके म्हणजे ‘ठीक’, किती म्हणजे ‘वर घ्या’. खुणा कोणत्याही चालतील, पण उतरण्यापूर्वी दोघांनी त्या एकमेकांना करून दाखविल्या पाहिजेत. ठरलेल्या वेळी उत्तराचा हिसका आला नाही, तर कारण शोधत न बसता दोर ओढावयास सुरुवात करावी. मनुष्यद्वारावरील सूचनाफलक दोन्ही भाषांत असावा व तो नुसत्या अक्षरांवर विसंबणारा नसावा. वाचता न येणाऱ्यासाठी त्यावर चित्र असावे.

दोर नसताना माणूस आत पडलाच, तर ११२ या क्रमांकावर व अग्निशमन दलाला तत्काळ कळवावे, आणि ‘माणूस विहिरीत पडला’ एवढेच न सांगता ‘विषारी हवेत पडला’ असे सांगावे, म्हणजे पथक श्वसनयंत्रे घेऊन येते. ते येईपर्यंत पंखा, फवारणीचे यंत्र, जे हाताशी असेल त्याने तळाशी बाहेरची हवा सोडीत राहावे. मात्र स्फोटक वायूचा संभव असेल तेथे ठिणगी पडेल असे कोणतेही यंत्र तोंडाजवळ चालवू नये. तोंडापासून लोकांना दूर ठेवण्यासाठी एक धट्टाकट्टा माणूस नेमून टाकावा. आतला माणूस वर आल्यावर श्वास बंद असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब देणे तेथेच सुरू करावे. परंतु सल्फाइडच्या विषबाधेत तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये, त्यासाठी पिशवीचा मुखवटा वापरावा.

कारखान्यातील परवानगीच्या कागदावर उतरणाऱ्याचे, चाचणी घेणाऱ्याचे व परवानगी देणाऱ्याचे नाव बहुधा असते. तोंडाशी उभ्या राहणाऱ्याचे नाव व सही घेण्याची पद्धत जेथे नसेल तेथे ती येत्या बंद हंगामापासून सुरू करता येण्यासारखी आहे. त्यासाठी कागदावर एक रकाना वाढविण्यापलीकडे कोणताही खर्च येत नाही.